‘मस्त आलाय’ म्हणून झाल्यावर पुढे काय बोलायचं?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. या वेळी विषय होता रस्त्यावर कुणाला न सांगता टिपलेले ब्लॅक अँड व्हाइट फोटो. मला वाटलं होतं कॅमेरा कुठला घेऊ, लेन्स कुठली घेऊ असंच सगळे विचारतील, पण बहुतेकांची अडचण वेगळीच निघाली, दुसऱ्याच्या फोटोबद्दल बोलायचं कसं. त्यातली पाच पत्रं घेतलीयत.

प्रश्न (पुणे) : आम्ही आठ-दहा जण दर रविवारी सकाळी मंडई, तुळशीबाग, बोहरी आळी असं फिरतो आणि नंतर टपरीवर चहा घेता घेता एकमेकांचे फोटो बघतो. सगळ्यांनी ब्लॅक अँड व्हाइटच काढायचे असं ठरलंय. वयाने मी मोठा (५८) म्हणून सगळे माझ्याकडे बघतात, काका तुम्ही सांगा. पण आमच्याकडे शब्द दोनच, ‘मस्त’ आणि ‘नाही जमला’. मागच्या महिन्यात कॉलेजातल्या एका मुलीने कोथिंबीर विकणाऱ्या आजींचा फोटो दाखवला आणि आमच्यातल्या एकाने तिथल्या तिथे सात चुका काढल्या, मागे दांडा आलाय, चेहरा काळा आहे, कोपऱ्यात गोणी आहे वगैरे. चुका खऱ्या होत्या, पण ती मुलगी नंतर आलीच नाही. तिला विचारून फोटो सोबत पाठवतोय. काय बोलायला हवं होतं?

उत्तर : तिला विचारून पाठवलात हे फार चांगलं केलंत. छापू नका असं तिने म्हटलंय, म्हणून बाकी वाचकांसाठी आधी शब्दांत सांगते. आजी पोत्यावर मांडी घालून बसल्यात, पुढ्यात कोथिंबिरीचा ढीग, सुतळीचं एक टोक दातात धरलंय आणि दोन्ही हातांनी जुडी आवळतायत, मान थोडी तिरकी झालीय आणि नजर समोरच्या गिऱ्हाइकाच्या पिशवीवर आहे, दुसरीकडून कोथिंबीर घेऊन तर आली नाही ना ही, असं बघितल्यासारखी. मोठ्या छत्रीचा दांडा बरोब्बर डोक्यातून उगवलाय, डाव्या कोपऱ्यात पांढरी प्लॅस्टिकची गोणी उन्हात चमकतेय, आणि चेहरा सावलीत.

आता तुमच्या मित्राच्या सात चुका मला मान्य आहेत, पण त्या सातात सुतळीचं नाव कुठेच नाही. मी फोटो उघडला तेव्हा आधी गोणी दिसली आणि मग लगेच ती सुतळी, दातापासून हातापर्यंत ताणलेली, आणि तिथून नजर हलेना. त्या मुलीने जे बघून कॅमेरा उचलला असणार ते हेच. चूक दाखवलेली माणूस सहन करतो हो, पण आपण जे दाखवायला आणलं ते समोरच्यांपैकी कुणाला दिसलंच नाही, हे फार लागतं. ती न येण्याचं कारण मला हे वाटतं.

म्हणून सगळ्यात आधी काय दिसलं ते सांगायचं, आणि ज्या क्रमाने दिसलं त्याच क्रमाने सांगायचं. ‘आधी गोणीवर गेली नजर, मग सुतळी, मग पिशवी, चेहऱ्यापर्यंत शेवटी पोचलो.’ बस. यात चांगलं-वाईट काही म्हटलेलं नाही, पण फोटो काढणाऱ्याला याच्याइतकी कामाची गोष्ट दुसरी नाही, कारण त्याला स्वतःला हे कधीच कळत नाही. त्याच्या डोक्यात त्या सकाळचा आवाज आहे, कोथिंबिरीचा वास आहे, आजींनी गिऱ्हाइकाला काय सुनावलं ते आहे, तो त्या सगळ्यासकट फोटो बघतो आणि आपल्याकडे फक्त कागदावरचं काळं-पांढरं येतं. त्याला स्वतःच्या फोटोकडे परक्याच्या डोळ्यांनी बघता येत नाही, ते डोळे आपण द्यायचे.

त्यानंतर उणिवांचं बोला, जरूर बोला, पण एक लक्षात ठेवून. स्टुडिओत फोटो काढला असता तर ‘मान जरा डावीकडे वळवा, परत घेऊ’ म्हणता आलं असतं. मंडईत जुडी बांधायला आजींना चार सेकंद लागतात, आणि ती नजर तर एका सेकंदात गेली असेल, तो फोटो आता परत मिळणार नाही. मग ‘दांडा नको होता’ या वाक्याचं तिने करायचं काय? म्हणून मी कुणाचाही कॅंडिड, म्हणजे न सांगता टिपलेला, फोटो बघताना मनातल्या मनात दोन ढीग करते, घरी बसून काय सुधारता येईल आणि पुढच्या वेळी रस्त्यावर पायांनी काय करता येईल. गोणी पहिल्या ढिगात, डावीकडून थोडं क्रॉप केलं की ती गेली, किंवा ठेवायचीच असेल तर तेवढा भाग गडद करता येतो. छत्रीचा दांडा दुसऱ्या ढिगात, अर्धं पाऊल उजवीकडे सरकली असती तर तो डोक्यावरून खांद्यावर आला असता, हे सांगितलं की पुढच्या रविवारी ती कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधी मागे काय आहे ते बघून उभी राहील. आणि ज्या गोष्टी या दोन्ही ढिगांत बसत नाहीत, म्हणजे तिच्या हातात नव्हत्याच आणि पुढेही नसतील, उदाहरणार्थ ‘ऊन दुसऱ्या बाजूने असतं तर’, त्या बोलूच नका.

तिच्याशी मी असं काहीतरी बोलले असते. ‘दातातली सुतळी फार भारी मिळालीय तुला, मी तिथेच थांबले. पण त्याच्या आधी ही गोणी मला ओढून घेते, ती मुद्दाम ठेवलीस का? नसशील तर इथपर्यंत कापून बघ.’ आणि अंगठ्याने तेवढा भाग झाकून दाखवला असता. मी शिकत होते तेव्हा एक ज्येष्ठ फोटोग्राफर काळ्या पुठ्ठ्याचे इंग्रजी ‘एल’ आकाराचे दोन तुकडे नेहमी खिशात ठेवायचे. प्रिंट समोर आली की ते एकही शब्द न बोलता दोन्ही तुकडे तिच्यावर ठेवायचे, आत-बाहेर सरकवायचे, आणि मग ते तुकडे माझ्याच हातात द्यायचे, तू कर. माझ्या एका प्रिंटवर मी दहा मिनिटं ते सरकवत बसले होते आणि शेवटी जिथे थांबले तो फोटो मूळ फोटोच्या निम्मा होता. तेव्हा काय कापायचं ते मला कुणी सांगितलं नव्हतं, मीच बघितलं होतं, म्हणून ते आजपर्यंत डोक्यात राहिलंय.

क्रॉप करणं म्हणजे लबाडी असं मानणारे तुमच्या ग्रुपमध्ये असतीलच, सगळीकडे असतात, आणि ते हमखास ऑंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच फोटोग्राफरचं नाव घेतात कारण तो क्रॉप करायचा नाही. खरंय, सहसा नाही करायचा. पण १९३२ साली पॅरिसमध्ये सॅं-लझार स्टेशनमागे पाण्याच्या डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्याचा जो जगप्रसिद्ध फोटो आहे तो क्रॉप केलेला आहे, कुंपणाच्या फटीतून घेतला होता आणि डाव्या बाजूला फळी आली होती. त्या फोटोत मागच्या भिंतीवर एक पोस्टर आहे, त्यावरची नर्तकीसुद्धा तशीच झेप घेतेय, बरोबर उलट्या दिशेने. बऱ्याच जणांना ती पहिल्यांदा बघताना दिसतच नाही. म्हणून माझी विनंती, फोटो समोर आला की कुणीच एक मिनिट बोलायचं नाही असा नियम करा. एक मिनिट फार वाटतं, करून बघा, तीस सेकंदांनंतर कोपऱ्यातलं दिसायला लागतं.

आणि ‘चेहरा काळा आहे’ या चुकीबद्दल. मी फाइल घरी कॉम्प्युटरवर उघडली तर आजींच्या गालावरच्या सुरकुत्या, कपाळावरचं गोंदण सगळं व्यवस्थित दिसतंय. तुम्ही टपरीवर उन्हात मोबाईल धरून बघितला असणार, उन्हात स्क्रीनवरच्या सावल्या काळ्याठिक्कर दिसतात, त्यात कुणाच्या फोनचा ब्राइटनेस कमी असतो. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये सगळा खेळ करड्या रंगाच्या छटांचा आणि त्याच जर दिसत नसतील तर बोलायचं कशावर? प्रत्येकाने आठवड्याला दोनच फोटो निवडावेत आणि पोस्टकार्डाएवढ्या प्रिंट काढून आणाव्यात. त्या टेबलावर मांडता येतात, हातात घेता येतात, एकमेकांशेजारी ठेवता येतात.

सात चुका काढणाऱ्या मित्राशी तुम्ही एकट्याने बोला, सगळ्यांसमोर नको. त्याची नजर चांगली आहे, नाहीतर त्याला सात गोष्टी दिसल्याच नसत्या. फक्त एका बैठकीत एका फोटोबद्दल एकच सुधारणा सांगायची, सगळ्यात महत्त्वाची, एवढं त्याला पटवा. आणि त्या मुलीला फोन करा, या रविवारी ये आणि त्या आजींचे आधीचे-नंतरचे सगळे फ्रेम घेऊन ये, आम्हाला बघायचेत म्हणा. एका फोटोवर निकाल देण्यापेक्षा ओळीने बारा फ्रेम बघितले की कळतं ती कुठे उभी होती, कधी सरकली, कधी घाबरून लवकर निघाली. तिथे खरं शिकवता येतं.

प्रश्न (नाशिक) : मी १९ वर्षांचा आहे. रामकुंडाजवळ हळद-कुंकू विकणाऱ्या एका काकांचा फोटो काढला, ते टोपलीतलं कुंकू हाताने सारखं करतायत, आणि तो ब्लॅक अँड व्हाइट केला. दहापैकी सहा जण म्हणाले रंगीत असता तर बरा वाटला असता, ब्लॅक अँड व्हाइट का केलास. मला उत्तरच देता आलं नाही. मी चुकलो का? आणि अशा लोकांना काय सांगायचं?

उत्तर : अरे, त्यांना काही सांगण्याआधी त्यांचं ऐक, कारण सहा जण एकच गोष्ट म्हणतायत. फक्त त्यांनी अर्धंच सांगितलंय, बाकीचं अर्धं तू विचारून काढायचंस. विचार की नेमकं काय बघताना रंग हवासा वाटला? मला खात्री आहे बहुतेक जण टोपल्यांकडे बोट दाखवतील. मीही तेच केलं असतं. हळदीची टोपली तुझ्या फोटोत फिकट करडी झालीय, कुंकवाची गडद करडी, आणि काकांच्या मागे जी हिरवी साडी टांगलीय ती जवळजवळ कुंकवाच्याच छटेची. लाल आणि हिरवा डोळ्यांना एकमेकांच्या विरुद्ध टोकाचे वाटतात, पण रंग काढून घेतले की बऱ्याचदा दोघांचा करडा इतका सारखा होतो की एक दुसऱ्यात बुडून जातो. तुझ्या फोटोत काकांचा हात कुंकवात आहे आणि कुंकू साडीत विरघळलंय, म्हणून हात कुठे चाललाय तेच कळत नाही. लोकांना जाणवलं ते हे, त्यांच्याकडे शब्द नव्हते म्हणून ते ‘रंगीत हवा होता’ म्हणाले.

यावर इलाज आहे आणि तो अवघड नाही. रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) असेल तर ब्लॅक अँड व्हाइट करताना लाल, पिवळा, हिरवा असे वेगवेगळे स्लायडर मिळतात, लाल थोडा वर घे आणि हिरवा खाली, कुंकू उजळेल, साडी मागे जाईल, हात मोकळा होईल. फिल्मच्या काळात हेच काम लेन्सपुढे रंगीत काच लावून करायचे, लाल फिल्टर लावला की लाल वस्तू उजळ यायची आणि निळं आकाश गडद. नुसतं एका बटणाने ‘नॉयर’ वगैरे फिल्टर मारून मोकळा झालास तर या कशावरच तुझा ताबा राहत नाही, वर सावल्या सगळ्या काळ्या होऊन बसतात.

एवढं करूनही टोपल्या पुढे आल्या नाहीत, तर मग रंगीतच ठेव, त्यात कमीपणा काही नाही. रघुवीर सिंग हे आपल्याकडचे फार मोठे फोटोग्राफर, त्यांचं तर म्हणणंच होतं की भारताकडे रंगातूनच बघायला हवं, आणि त्यांनी आयुष्यभर रंगीतच काम केलं. त्याच पिढीतले रघु राय यांचं कितीतरी गाजलेलं काम ब्लॅक अँड व्हाइटमधलं आहे. दोघांचाही जन्म १९४२ चा, दोघांच्याही समोर हाच देश, हेच रस्ते. मग निवड कशी करायची? माझा स्वतःचा प्रश्न असतो, रंग गेल्यावर फोटोत काय वाढलं? उजेड जास्त कळायला लागला का, हाताची हालचाल जास्त दिसली का, मागची भडक जाहिरात गप्प झाली का? यातलं काहीतरी झालं असेल तर ब्लॅक अँड व्हाइट बरोबर. काहीच वाढलं नसेल आणि फक्त जुन्या फोटोसारखं दिसतंय म्हणून बरं वाटत असेल, तर परत विचार कर.

आणि पुढे कधी दुसऱ्याच्या फोटोवर बोलायची वेळ आली तर ‘का केलास’ असं विचारू नकोस, त्यात हिशेब मागितल्यासारखं होतं. ‘मला हात आणि कुंकू वेगळं दिसत नाहीये’ म्हण, त्याला लगेच कळेल कुठला स्लायडर हलवायचा.

प्रश्न (कोल्हापूर) : आमच्या ग्रुपात एकानं एसटी स्टँडवर झोपलेल्या म्हाताऱ्याचा फोटो दाखवला, तोंड उघडं, कपडे फाटलेले, एकदम जवळून. उजेड-सावली लई भारी, सगळी वा वा म्हणत होती. मला बघवंना. पण फोटो चांगला हाय म्हटल्यावर बोलायचं काय, आणि हे बोलणं फीडबॅकमध्ये बसतंय का?

उत्तर : बसतं. आणि मला वाटतं सगळ्यात आधी बसतं.

उजेड चांगला होता हे तुम्ही मान्य करा, खोटं कशाला बोलायचं. पण ‘मला बघवलं नाही’ हीसुद्धा त्या फोटोला मिळालेली खरी दाद आहे, ती लपवून ठेवलीत तर त्या मुलाला त्याच्या फोटोची अर्धीच बाजू कळली. फक्त ‘तू असा कसा फोटो काढलास’ असं म्हणून सुरुवात केलीत तर तो लगेच बचावाला उभा राहील आणि मग सार्वजनिक जागा, कायदा, कलेचं स्वातंत्र्य यावर तासभर जाईल. त्याऐवजी त्याला विचारा, हे बाबा जागे झाले असते आणि तू त्यांना स्क्रीनवर हा फोटो दाखवला असतास तर त्यांना कसं वाटलं असतं? आणि दुसरं, फोटोतून त्यांच्याबद्दल आपल्याला काय कळतं, ते गरीब आहेत याच्यापलीकडे? कुठल्या गाडीची वाट बघत होते, सोबत काय होतं, उशाला काय घेतलं होतं? तुम्ही लिहिलंय की एकदम जवळून घेतलाय, मग यातलं काहीच फ्रेममध्ये आलेलं नसणार. बघा, इथे माणुसकीचा मुद्दा आणि फोटोग्राफीचा मुद्दा एकच झाला. दोन पावलं मागे जाऊन घेतला असता तर गाठोडं आलं असतं, फलाटाची पाटी आली असती, आणि एक प्रवासी दिसला असता. जवळून फक्त उघडं तोंड दिसतं.

ब्लॅक अँड व्हाइटमध्ये ही जोखीम जास्त असते, हे मी अनुभवाने सांगते. कॉन्ट्रास्ट वाढवला की सुरकुत्या खोल होतात, मळ काळा होतो, फाटकं कापड सुंदर दिसायला लागतं, आणि बघणारा ‘काय टेक्स्चर आहे’ म्हणतो. माणसाची कातडी हे टेक्स्चर नव्हे. गरिबीचे फोटो काढूच नयेत असं मी अजिबात म्हणत नाहीये. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचं जे काम ब्लॅक अँड व्हाइटमध्ये केलंय ते बघताना पोटात कालवतं, गटारात उतरलेली माणसं आहेत त्यात, पण ती आपल्याला माणसं म्हणूनच भेटतात, कारण ते नुसते येता-जाता क्लिक करून गेलेले नाहीत, त्या माणसांबरोबर राहिलेत. तुमच्या ग्रुपातल्या त्या मुलाला हे काम दाखवा आणि त्याचा फोटो शेजारी ठेवा. फरक त्याचा त्याला दिसू द्या.

तो म्हणाला की मी हा फोटो कुठे टाकत नाही, तर तिथेच थांबा, परत परत उकरून काढू नका.

प्रश्न (ठाणे) : लोकलच्या गर्दीचे फोटो काढते. प्रत्येक फोटोवर कुणीतरी ‘ब्लर आहे’ म्हणतंच. ब्लर म्हणजे चूकच का? आणि दुसऱ्याच्या फोटोत ब्लर दिसला तर काय बोलावं?

उत्तर : नुसतं ‘ब्लर आहे’ हा अर्धवट अभिप्राय आहे, कारण ब्लर तीन प्रकारचा असतो आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. आधी फोटोतली न हलणारी वस्तू शोधा, स्टेशनची पाटी, खांब, बाकडं. पाटीवरची अक्षरंही फाटली असतील तर तुमचा हात हलला. पाटी स्वच्छ आहे आणि माणूसच पुसट आहे तर माणूस हलला. आणि मागची पाटी एकदम धारदार पण पुढचा उभा असलेला, न हलणारा माणूस अस्पष्ट, तर फोकस मागे गेला. कुणाच्याही फोटोबद्दल बोलताना यातलं कुठलं झालंय ते सांगा, तेवढ्याने त्याची निम्मी कटकट वाचते.

माणूस साधारण चालला तरी सेकंदाला सव्वा-दीड मीटर जातो. म्हणजे शटर १/६० ला असेल, म्हणजे सेकंदाचा साठावा भाग उघडं राहत असेल, तर तेवढ्यात तो दोन सेंटीमीटरच्या वर सरकला, १/२५० ला अर्धा सेंटीमीटर. लोकल पकडायला धावणारा असेल तर १/५०० शिवाय भागत नाही. थांबवायचाच असेल तर हे आकडे. पण थांबवायचाच आहे का, हे आधी ठरवा. रघु राय यांचा १९९५ चा चर्चगेट स्टेशनचा फोटो तुम्ही बघितलाच असेल, शटर मुद्दाम बराच वेळ उघडा ठेवलाय, गर्दी सगळी धुरासारखी वाहतेय आणि त्यात पेपर वाचत थांबलेली थोडी माणसं तेवढी ठसठशीत. तिथे ब्लर नसता तर फोटोच नसता. पण नीट बघा, त्यात काहीतरी स्थिर आहे म्हणून बाकीचं हललेलं कळतं. तुम्ही पाठवलेल्या तीन फोटोंपैकी दुसऱ्यात दाराच्या दांड्याला धरलेला एक हात शार्प आहे आणि बाकी सगळं निसटतंय, तो ठेवा. पहिल्या आणि तिसऱ्यात डोळ्याला टेकायला काहीच नाही, सगळंच हललंय, तिथे लोक ‘ब्लर’ म्हणतात ते बरोबर म्हणतात.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : मला कुणी नीट सांगतच नाही. फोटो दाखवला की अंगठा नाहीतर बदाम, फार तर ‘कडक’. फीडबॅक मिळवायचा कसा?

उत्तर : ‘कसा वाटला’ असं विचारलंत की ‘छान’ हेच उत्तर येणार, दुसरं काय म्हणेल बिचारा. एकाच फोटोऐवजी एकाच जागेचे तीन फोटो दाखवा आणि विचारा, यातला कुठला काढून टाकू? काढून टाकायचं म्हटलं की माणूस नीट बघायला लागतो आणि कारणही सांगतो. रॉबर्ट फ्रँक हा फोटोग्राफर १९५५-५६ मध्ये अमेरिकाभर फिरला, २७-२८ हजार फ्रेम काढले आणि पुस्तकात घेतले ८३. काय ठेवायचं हेच निम्मं काम असतं आणि त्यात दुसऱ्याच्या डोळ्यांची मदत सगळ्यात जास्त होते.

फोटो दाखवताना आधी गोष्ट सांगू नका. ‘अहो काय झालं माहितीय, तो माणूस ना...’ असं सुरू केलंत की समोरचा तुमची गोष्ट बघतो, फोटो बघत नाही. गप्प बसून दाखवा, त्याला काय दिसलं ते ऐका, मधे बोलू नका, समजावू नका, वाटल्यास लिहून घ्या.

आणि ताजा फोटो लगेच दाखवू नका. गॅरी विनोग्रँड हा रस्त्यावरचे फोटो काढणारा अमेरिकन फोटोग्राफर फिल्म काढून झाल्यावर ती बरेच महिने, कधी वर्षभरही धुवायलाच टाकायचा नाही, फोटो काढताना जे वाटलं होतं ते विसरायला व्हावं म्हणून. १९८४ मध्ये तो गेला तेव्हा त्याचे सुमारे २,५०० रोल न धुतलेले निघाले. तुम्ही वर्षभर नका थांबू, पण पंधरा दिवस तरी फोल्डर उघडू नका. पंधरा दिवसांनी उघडाल तेव्हा दोन-तीन फोटो तुम्हालाच नकोसे होतील, आणि एखादा असा सापडेल ज्याकडे तेव्हा लक्षच गेलं नव्हतं. तो पाठवा आम्हाला, पुढच्या अंकासाठी, प्रिंट काढून.